कोल्हापुरी बंधारा : बांधकाम टिकते, पाणी का टिकत नाही?

ऑक्टोबर निम्मा सरला की नदीनाल्यांचे पाणी नितळ होऊन हळूहळू उतरू लागते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे सारे गणित या पंधरा-वीस दिवसांवर अवलंबून असते. या काळात दारे बसली तर रब्बी साधते. नाही बसली तर भक्कम खांब पात्रात नुसते उभे राहतात.

बंधाऱ्याची रचना शेतकरी बंधूंच्या परिचयाची आहे. ठराविक अंतरावर खांब, खांबांना खाचा आणि खाचांत बसणारी दारे. कोल्हापूर भागात यांना बरगे म्हणतात. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन ओळी लावून मधल्या पोकळीत चिकणमाती ठासून भरीत. पुढे लोखंडी दारे व रबरी पट्ट्या आल्या. पावसाळ्यात दारे काढलेली असल्याने पूर आणि त्याबरोबरचा गाळ मोकळा वाहून जातो. त्यामुळे पक्क्या बांधाप्रमाणे हा बंधारा गाळाने लवकर भरत नाही. पंचगंगेवरील राजाराम बंधारा संस्थानकाळातला. तो दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि पूर ओसरला की पुन्हा कामाला लागतो.

म्हणजे या बांधकामाचा टिकाऊपणा सिमेंटपेक्षा माणसांवर अधिक आहे. वर्षातून दोनदा कोणीतरी वेळेवर दारे काढली आणि बसविली पाहिजेत. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवरील फड पद्धत शेकडो वर्षे चालली, कारण तेथे पाटकरी, हवालदार, जागल्या अशी माणसे गावानेच नेमलेली असत. आपण बंधारे पुष्कळ बांधले, जागल्या मात्र नेमला नाही.

ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमासाठी विद्यार्थ्यांना घेऊन मी मराठवाड्यातील एका गावी गेलो होतो. महिना डिसेंबर. दारे बसविलेली होती, पण रबर तडकलेले, दोन दारे वाकलेली आणि खालच्या अंगाला पाण्याच्या चिळकांड्या उडत होत्या. बंधाऱ्याच्या भरवशावर पेरलेल्या गव्हाला सहाऐवजी चारच पाळ्या मिळाल्या. दाणे भरण्याच्या वेळी पाणी नव्हते आणि दाणा चिमला. बियाणे, खत, मशागत यांचा खर्च पूर्ण झाला होता. कमी पडल्या त्या फक्त शेवटच्या दोन पाळ्या.

थेंबाचा हिशेब

सेकंदाला १ लिटर गळती म्हणजे डोळ्यांना किरकोळ वाटणारी धार. पण दिवसाला ती ८६,४०० लिटर होते आणि १०० दिवसांत ८,६४० घनमीटर. गव्हाच्या एका पाळीस ७ सें.मी. पाणी धरले तर हेक्टरी ७०० घनमीटर, सहा पाळ्यांस ४,२०० घनमीटर लागतात. म्हणजे या एका धारेतून २ हेक्टर गव्हाचे पाणी जाते. अशा पाच धारा असल्या तर १० हेक्टर. पाटातली गळती व बाष्पीभवन यांपायी काही कमी धरा, तरी आकडा लहान नाही.

गळती मोजणे अवघड नाही. वरून येणारा प्रवाह थांबल्यावर एका खांबावर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात आणि सर्व मोटारी बंद ठेवून एक दिवस पातळी पाहावी. पाण्याचा पसारा २ हेक्टर असून पातळी ३ सें.मी. उतरली तर ६०० घनमीटर पाणी गेले. हिवाळ्यात बाष्पीभवनाचे सुमारे अर्धा सें.मी., म्हणजे १०० घनमीटर वजा करावे. उरलेले ५०० घनमीटर दारांतून व तळातून गेले. तळातून मुरलेले पाणी आसपासच्या विहिरींना मिळते, त्याची खंत करू नये. दारांतून जाणारे मात्र अडवता येते.

त्यासाठी खरे काम उन्हाळ्यातच असते. दारे काढताच प्रत्येकावर मोरीचा क्रमांक घालावा, कारण एका मोरीचे दार दुसरीत नीट बसेलच असे नाही. दारे उघड्यावर टाकू नयेत. उन्हात रबर तडकते आणि लोखंडाला भंगारवाल्याची वाट सापडते! रबरी पट्ट्या गणपतीपूर्वीच बदलून घ्याव्यात. ऑक्टोबरात खाचांतील वाळू-खडे काढून आधी तळाची रांग बसवावी, वरची रांग परतीच्या पावसाचा रंग पाहून. तरीही पाझर राहिला तर वरच्या अंगाने प्लॅस्टिकचा कागद लावून चिकणमाती दाबावी.

दारे काढण्यातली हयगय याहून महाग पडते. जूनचा पहिला मोठा पूर बंद दारांवर आला की पाणी बगलेने वाट काढते, काठ तुटतो आणि कोणाची तरी मळईची जमीन वाहून जाते. एकदा प्रवाहाने बाजूने पात्र धरले की बंधारा कोरडा राहतो, तेव्हा मे संपण्यापूर्वी सर्व दारे निघालीच पाहिजेत.

खर्च कोणी करावा, हा प्रश्न प्रत्येक गावात निघतो. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा महाराष्ट्रात २००५ साली झाला. पाणी वापर संस्था असेल तर तिच्यामार्फत, नसेल तर लाभधारकांनी एकरी वर्गणी ठरवून हे काम करावे. दारांची मोजदाद वहीत लिहावी, दारे ठेवलेल्या खोलीची किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे द्यावी आणि त्या माणसाला हंगामाचा मोबदला ठरवून द्यावा. फुकटच्या कामाला दुसऱ्या वर्षी कोणी येत नाही.