शेजारणीच्या भक्तीचं माप

मलकापूरहून शेगावकडे जाणारी गाडी, बायकांचा डबा, गुरुवारची गर्दी. एका बाकावर गजानन महाराजांची पोथी उघडलेली. शेजारी बुरख्यातल्या चाची तसबीचे मणी ओढताहेत. समोर पांढऱ्या साडीतल्या आजी नागपूरला दीक्षाभूमीवर निघालेल्या. डबे उघडतात, लोणच्याची देवघेव होते. मग चाची उतरतात आणि कुणीतरी हळूच म्हणतं, "यांचं नुसतं घोकणं हो! अर्थ कुठे कळतो?" आजींकडे पाहून डोळ्यांनीच खूण होते, "ह्यांनी तर देवच सोडला!"

मैत्रिणींनो, हे आपल्याला कसं कळलं? अथर्वशीर्ष आपल्याला तोंडपाठ असतं, पण अर्थ विचारला की आपलीही गडबड होतेच ना? तरी म्हणताना मन निवतं, ते खोटं नसतं. मग चाचींचंच खोटं कसं? आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांबरोबर लाखोंनी घेतलेल्या पंचशीलातलं पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. ते पाळणाऱ्या घरातल्या बाईला विचारा, धर्म कशाला म्हणतात!

लक्ष्मीबाई टिळक आठवा. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. परत आल्यावरही सोवळं-ओवळं सुटलं नव्हतं. पण रोजच्या सहवासात त्यांनी पाहिलं, की ख्रिस्ती झालेला हा माणूस अभंग रचतो, कीर्तन करतो, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं सांगतो. पुढे १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. आपण धर्म बदलावा, असं मुळीच नाही. पण दुरून बांधलेला अंदाज जवळून पाहिल्यावर टिकला नाही, एवढं 'स्मृतिचित्रे' वाचून उमगतं.

तुम्ही म्हणाल, चुकीचं दिसलं तरी गप्प बसायचं? छे! आजारी माणसाला डॉक्टरऐवजी अंगाऱ्यावर ठेवणं आपल्या घरी असो की त्यांच्या, चूकच. ते जरूर बोला. पण कृतीला चूक म्हणणं वेगळं आणि कुणाच्या मनात श्रद्धा आहे की नाही, याचा निकाल देणं वेगळं.

आपण स्वयंपाकघरात जे सहज बोलतो, ते मुलं दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणीला ऐकवतात. तेव्हा ईदचा शीरखुर्मा आला, की रिकामा डबा परत करू नका. चार करंज्या घाला आणि विचारा, "रोजे कसे गेले, भाभी?" उत्तर ऐकायला मुलांनाही जवळ बसवा.