एक बिट उजेड

1984च्या जानेवारीत मॅकिंटॉश बाजारात आला, तो मॅकपेंट सोबत घेऊनच. बिल अ‍ॅटकिन्सन यांनी लिहिलेल्या या प्रोग्रॅमचं पान 576 बाय 720 पिक्सेलचं, आणि पिक्सेलला एकच बिट. काळं नाहीतर पांढरं, अधलंमधलं काही नाही. अख्खं पान 51,840 बाइटांत मावायचं. तेच आज ओपन-ईएक्सआर या एचडीआर, म्हणजे अगदी गडदपासून अगदी झगझगीतपर्यंतचा उजेड साठवणाऱ्या, स्वरूपात, तिन्ही रंगांना 16-16 बिट देऊन ठेवलं, तर दाबून लहान करण्याआधी बरोबर 48 पट जागा खातं. एवढ्या मोठ्या घरात सामान कुठलं मांडायचं?

पहिली ठेच किरकोळ असते. मॅकपेंटमध्ये 1 म्हणजे काळं. एचडीआरमध्ये आकडा म्हणजे उजेड. बिट उलटवायचे विसरलात तर निगेटिव्ह हाती येते. रेषाचित्रांचं काम मात्र एवढ्यावरच संपतं. सुझन केअर यांनी मॅकसाठी काढलेल्या चिन्हांत राखाडी कधी नव्हतंच. पांढऱ्याला तेज किती द्यायचं, तेवढं ठरवायचं. मी कागदाच्या बाजूचा. एचडीआर आहे म्हणून डोळे दिपवणारा पांढरा ओतणं हा मला आगाऊपणा वाटतो.

खरी कसोटी लागते ती डिदर केलेल्या, म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांतून राखाडीचा भास करणाऱ्या, फोटोंत. जुन्या वर्तमानपत्रातला फोटो डोळ्यांशी नेला की नुसते ठिपके दिसतात, लांब धरला की चेहरा, इथेही तसंच. म्हणून राखाडी परत मिळवायला ठिपक्यांची सरासरी काढतात. 4 बाय 4च्या चौकोनातून 17 छटा निघतात, पण पान 144 बाय 180वर येतं. 8 बाय 8 घेतला तर छटा 65 आणि पान 72 बाय 90. तोवर नाक-डोळे विरघळलेले असतात. कडा ओळखून तिथे सरासरी आखडती घेतली, तर थोडंफार वाचतं.

त्यातही एक मेख आहे. अर्धे ठिपके पांढरे असले तर उजेड निम्मा, म्हणजे ओपन-ईएक्सआरमध्ये सरळ 0.5. नेहमीच्या आठ बिटी फाइलीत मात्र तेवढा उजेड 188च्या आसपास पडतो, 128वर नव्हे. इथे चुकलं की सगळं चित्र काळवंडतं.

आता अ‍ॅटकिन्सन यांची स्वतःची करामत पाहा. राखाडी पिक्सेल काळा किंवा पांढरा ठरवला की जो फरक उरतो, तो शेजाऱ्यांत वाटायचा, ही फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची 1976 सालची रीत. ते सगळा फरक वाटत. अ‍ॅटकिन्सन त्याचे आठ भाग करत, सहा शेजाऱ्यांना एकेक देत आणि उरलेले दोन चक्क सोडून देत. चित्र त्यामुळे छान उठून दिसायचं, पण फार उजळ आणि फार गडद भाग सपाट व्हायचे. एचडीआरचा सगळा जीव नेमका त्याच दोन टोकांत! सलग पांढऱ्या आभाळाची कितीही सरासरी काढा, पांढरंच येणार.

पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी 1997मध्ये एकाच दृश्याचे कमी-जास्त एक्सपोजरचे फोटो जुळवून एचडीआर कसं करायचं ते दाखवलं. तिथला उजेड मोजलेला होता. आजचं न्यूरल नेटवर्क त्या कोऱ्या आभाळात सुरेख ढग भरून देईल, पण तो अंदाज. ओपन-ईएक्सआरच्या हेडरमध्ये आपल्याला हवी ती नोंद करता येते. कुठली छटा ठिपक्यांतून काढली आणि कुठली कल्पनेतून आली, ते तिथे लिहावं, आणि मूळ 51,840 बाइट शेजारीच ठेवावेत.