पाच ककार आणि एक प्रतिज्ञा

पिकांच्या काढणीच्या दिवसांत पंजाबातून हार्वेस्टर घेऊन येणारे शीख चालक आता वऱ्हाडाला अनोळखी राहिलेले नाहीत. चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावीही त्यांची पगडी, दाढी आणि मनगटातील कडे परिचयाचे झाले आहे. परंतु हा परिचय बहुधा तेवढ्यावरच संपतो. आणि जेथे परिचय संपतो तेथे ‘बारा वाजल्या’चा विनोद सुरू होतो. तो करणारा मनाने दुष्ट असतोच असे नाही, पुष्कळदा तो केवळ अजाण असतो. तथापि शाळेच्या वर्गात, कचेरीच्या खिडकीशी किंवा परीक्षेच्या दालनाबाहेर हीच अजाणता अन्यायाचे रूप घेते. म्हणून या चिन्हांचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथमदर्शनी येथे एक विसंगती दिसते. गुरू नानकांनी बाल्यावस्थेतच जानवे घालून घेण्यास नकार दिला, असे शीख परंपरा सांगते. दया, संतोष आणि संयम यांचे जानवे असेल तर द्या, सुताचे नको, असा त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ होता. मग त्याच परंपरेतील दहाव्या गुरूंनी आपल्या अनुयायांच्या देहावर पाच चिन्हे का चढवावीत?

याचे उत्तर इतिहासात आहे. १६७५ साली दिल्लीत गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला. त्या प्रसंगी अनेक अनुयायी गर्दीत मिसळून गेले, आपली ओळख सांगण्यास धजले नाहीत, अशी आठवण परंपरेने जतन केली आहे. पुढे १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंगांनी भर सभेत शिर मागितले, तेव्हा एकामागून एक पाच जण उठले. लाहोरचा खत्री, हस्तिनापूरचा जाट, जगन्नाथपुरीचा पाणक्या, द्वारकेचा छिंबी म्हणजे कापड छापणारा, आणि बिदरचा न्हावी! लोखंडी पात्रातील पाण्यात बत्तासे घालून ते दुधारी खड्‌गाने ढवळले गेले. ते अमृत पाचांनी एकाच पात्रातून घेतले आणि मग खुद्द गुरूंनी त्याच पाचांपुढे हात जोडून दीक्षा मागितली. जानवे जात सांगत होते. ही चिन्हे जात पुसण्यासाठी दिली गेली. पुरुषांना ‘सिंग’ व स्त्रियांना ‘कौर’ ही नावे मिळाली तीही याच हेतूने. ज्याचा पिढीजात धंदा केस कापण्याचा, त्या बिदरच्या साहिबचंदाने केस न कापण्याचे व्रत घ्यावे, यातच त्या क्रांतीचे मर्म आहे.

केश, कंगा, कडे, कच्छेरा आणि कृपाण हे ते पाच ककार. केस निसर्गाने दिले तसे राखायचे. परंतु ते जटा होऊ द्यायचे नाहीत, म्हणून सोबत लाकडी कंगवा. वैराग्य आणि प्रपंच यांचा मेळ त्या दोहोंत आहे. कडे दागिना नव्हे. ते साध्या लोखंडाचे वा पोलादाचे असते आणि हात दुष्कृत्याकडे वळला की मालकाला अडवते. कच्छेरा संयमाची, तर कृपाण दुर्बळाच्या रक्षणाची आठवण देते. पगडी मात्र या पाचांत नाही. ती केसांचे रक्षण करते आणि शिखाची प्रतिष्ठा मिरवते. अमृत घेतलेल्या स्त्रीलाही हे पाचही ककार लागू आहेत. अर्थात प्रत्येक शीख अमृतधारी असतोच असे नाही.

मराठी माणसाला हे सारे परके वाटण्याचे खरे तर कारण नाही. गुरू ग्रंथसाहिबात संत नामदेवांची ६१ पदे आहेत. सेना न्हाव्याच्या नावावरचेही एक पद आहे. नामदेवांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या घुमान येथे २०१५ साली मराठी साहित्य संमेलन भरले. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये देह ठेवला तो नांदेडला. शिखांच्या लंगरात राव-रंक एका रांगेत बसतात, त्या रांगेला त्यांचाही शब्द ‘पंगत’ असाच आहे. आणि चांदूर बाजारला तर आणखी एक जवळचे उदाहरण आहे. तालुक्यातील माधानचे प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी मानत. पुरुषदेहावर त्यांनी कुंकू आणि मंगळसूत्र धारण केले. लोकांच्या नजरेला ते विचित्र वाटले असेल. परंतु त्या चिन्हांमागचे नाते ज्यांना उमगले त्यांचे मस्तक नम्र झाले. अंगावरचे चिन्ह हे अंतरीच्या निष्ठेची जाहीर कबुली असते, हा धडा या मातीने पूर्वीच गिरवला आहे.

आपल्या कायद्यानेही हे जाणले आहे. कृपाण धारण करणे हे शीख धर्माच्या आचरणात समाविष्ट असल्याचे राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात नमूद आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने पगडीधारी शिखाला शिरस्त्राणाच्या सक्तीतून वगळले. देशांतर्गत विमानप्रवासात सहा इंचांपर्यंत पाते असलेली कृपाण बाळगण्यास मुभा आहे. इंग्लंडमध्ये पगडीमुळे एका शीख मुलाला शाळेने प्रवेश नाकारला, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायपीठाने १९८३ साली तो भेदभाव ठरवला.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. शाळेचा गणवेश सर्वांना सारखा, मग एकालाच सवलत का? आक्षेप प्रामाणिक आहे, पण गणवेशाचा हेतू कोणता, हे तो विसरतो. सावकाराचा मुलगा आणि मजुराचा मुलगा एका बाकावर सारखे दिसावेत, म्हणून गणवेश. आनंदपूरला पाणक्या आणि खत्री सारखे दिसावेत म्हणूनच तर ककार दिले गेले. समतेच्या एका गणवेशाने दुसऱ्याला दाराबाहेर उभे करणे ही समतेचीच थट्टा होय. सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे. परंतु तो आकार, बांधणी आणि तपासणी यांविषयीच्या समंजस नियमांनी सुटतो, मुलाची पगडी भर वर्गात उतरवून नव्हे.

अशा चिन्हाची किंमत किती असते, हे नोव्हेंबर १९८४ मध्ये दिल्लीने पाहिले. त्या दिवसांत पगडी आणि केस हेच मृत्यूचे निमंत्रण ठरले आणि जीव वाचवण्यासाठी अनेकांना केस कापावे लागले. ज्या ओळखीने लपण्याची वाट मुद्दाम बंद केली होती, तीच ओळख तेव्हा पुसावी लागली. ती लाज केस कापणाऱ्यांची नव्हती. ती वेळ त्यांच्यावर आणणाऱ्या समाजाची होती.

प्रकट चिन्ह धारण करणाऱ्यावर त्याला शोभेसे वागण्याचे बंधन येते. नानकांची कसोटी त्यालाही चुकलेली नाही. आणि ते पाहणाऱ्यावर, त्यामागची प्रतिज्ञा ओळखण्याचे. हजेरी घेणारा शिक्षक, अर्ज तपासणारा कारकून आणि शेजारच्या बाकावरचा विद्यार्थी, या तिघांनी एवढे ओळखले, तर पुढच्या पिढीला त्या विनोदावर हसू येणार नाही.