एक मिलिमीटरची फट

भोसरी एमआयडीसीत रोज पत्रा कापला जातो आणि वाकवला जातो. कुणाची इलेक्ट्रिक पॅनेलं, कुणाच्या हॉस्पिटलच्या ट्रॉल्या, कुणाचे गोडाऊनचे रॅक. दिवाळी अंकाच्या संपादकांना छोट्या कारखानदारीवर लेख हवा होता, म्हणून मी एका जॉबवर्कवाल्यांच्या शेडमध्ये गेलो होतो. मालकांनी सवयीने सगळं सांगितलं: लेझर मशीन कधी घेतलं, हप्ते कसे फिटतात, वाहनउद्योगाला मंदी आली की पहिली झळ कुणाला बसते. मी ते वहीत उतरवून घेत होतो खरा, पण लक्ष पत्रा वाकवणाऱ्या ब्रेक प्रेसशेजारच्या टेबलाकडे होतं. तिथे कॉम्प्युटरचं एक कॅबिनेट अर्धवट बाहेर ओढून ठेवलं होतं आणि त्याच्या दोन बाजूंना उभी राहून दोन माणसं अर्ध्या मिलिमीटरवरून हुज्जत घालत होती.

त्यातला एक तिशीच्या आतला. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, पण पोट भरतो ते मालिका आणि सिनेमांच्या शूटिंगवर. कॅमेऱ्याच्या कार्डांवरचं चित्रण उतरवून घ्यायचं, तपासायचं, दोन ठिकाणी जपून ठेवायचं आणि रात्री लॉजवर बसून कच्चं एडिट लावून द्यायचं, हे त्याचं काम. वाईला, साताऱ्याला आउटडोअर असलं की मशीन गाडीत घालून न्यावं लागतं. लॅपटॉप तासाभरात तापून मंदावतो. घरातलं मोठं कॅबिनेट नेलं तर खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत ग्राफिक्स कार्ड आपल्या जागेवर असेल याची खात्री नाही. शिवाय धूळ. शेतात दोन दिवस शूटिंग झालं की पंख्यांवर तांबडा थर बसतो आणि तो काढायचा तर दहा स्क्रू, चार झाकणं आणि वायरींचं जंजाळ.

म्हणून त्याने स्वतःच कॅबिनेट काढलं. १५० बाय २१० बाय ३४० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम पावणेअकरा लिटर. घरी तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा येतो, त्याहून हे लहान. आणि त्यात अट अशी की मागचे दोन स्क्रू हाताने सोडवून कडी ओढली, तर मदरबोर्ड, वीज पुरवणारा एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड, पंखे असं सगळं पोट एकाच सांगाड्यावर अखंड बाहेर आलं पाहिजे. ब्लोअर मारायचा, परत आत ढकलायचं, स्क्रू आवळायचे. एकही वायर काढायची नाही.

दुसरे मामा. ब्रेक प्रेसवर वीसेक वर्षं काढलेले. शेडमध्ये सगळे त्यांना मामाच म्हणतात, आणि ते या मुलाला ‘इंजिनिअर’ म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत उलगडलं नाही.

लहान कॅबिनेट बनवण्याच्या या हौसेला इतिहास आहे, तो थोडक्यात सांगतो. आपल्या टेबलाखालचा उभा डबा इंटेलने १९९५ साली ठरवलेल्या एटीएक्स मापांवर उभा आहे. २००१ मध्ये व्हिया कंपनीने १७० मिलिमीटर चौरस मदरबोर्डाचं माप आणलं, मिनी-आयटीएक्स, आणि लहान कॅबिनेटांची वाट मोकळी झाली. पुढे काही हौशी मंडळींनी लोकवर्गणीतून स्वतःची कॅबिनेटं बनवून घेतली. जर्मनीच्या डॅनियल हॅन्सन यांचं ए४-एसएफएक्स हे त्यातलं गाजलेलं. २०१६ मध्ये किकस्टार्टरवर आलं तेव्हा ते सव्वासात लिटरच्या आसपास होतं. त्यात ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डाच्या पाठीला पाठ लावून बसतं आणि दोघांना एक चपटी रायझर केबल जोडते. आज बरीच लहान कॅबिनेटं याच मांडणीची. आमच्या इंजिनिअरचंही.

पण त्याचं खरं प्रेम ॲपलच्या जी४ क्यूबवर. जुलै २००० मध्ये न्यूयॉर्कला मॅकवर्ल्डमध्ये दाखवलेलं हे यंत्र उलटं करायचं, तळाशी बसलेला दांडा दाबायचा, तो वर उसळतो, आणि धरून ओढला की आख्खा कॉम्प्युटर कवचातून बाहेर. स्क्रू नाही, पंखा नाही. गरम हवा मधल्या पोकळीतून आपोआप वर जायची. बाजारात काय झालं? स्क्रीन सोडून १,७९९ डॉलर किंमत, आणि पारदर्शक कवचावरच्या रेषांना तडे समजून वैतागलेली गिऱ्हाइकं. वर्षभरात, जुलै २००१ मध्ये ॲपलने उत्पादन थांबवलं. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात तो आता आहे. माझ्या मते त्या दांड्याइतकी विचार करून घडवलेली वस्तू कॉम्प्युटरच्या धंद्यात फार थोडी आहे. पण ॲपलने एसएमपीएस कवचाबाहेर काढून वेगळा ठेवला होता, ही पळवाट विसरता येत नाही. इंजिनिअरला ती पळवाट नको होती. शूटिंगवर सुटी वस्तू हरवते.

आता पत्र्याकडे येऊ, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

त्याच्या मूळ ड्रॉइंगमध्ये बाहेरचं कवच म्हणजे एक उलटा यू होता: एका बाजूची भिंत, वरचं छत, दुसऱ्या बाजूची भिंत, सगळं एकाच पत्र्यातून. खाली एक तळ रिव्हेट केला की झालं. संगणकावर ते छान फिरायचं. मामांनी ड्रॉइंग पाहिलं आणि टेबलावरचं एक डिलिव्हरी चलन उचललं. चलन एकदा काटकोनात दुमडलं, भिंत उभी झाली. मग दुसरी घडी घालण्यासाठी पट्टी वरून दाबायला गेले, तर उभी भिंत सरळ पट्टी धरलेल्या मुठीवर येऊन आदळली. “छत दीडशे आणि भिंत दोनशे दहा. दुसऱ्या बेंडला पहिली भिंत वर येणार आणि मशीनच्या डोक्यात जाणार,” ते म्हणाले. “इंजिनिअर, कागदावर सगळंच वाकतं.”

इथे तर कागदावरही वाकलं नव्हतं.

वरून पत्रा दाबणारा पंच मानेत बाक असलेला वापरला तर थोडी जागा मिळते, पण इतकी नाही. शेवटी कवच दोन एल आकारांचं झालं, समोरासमोर जोडलेलं. म्हणजे एक सांधा आता छताच्या कडेला आला, आणि सांधा आला की तिथे चूक करायला जागा आली.

मामांना मी बराच वेळ काम करताना पाहिलं. १.२ मिलिमीटरचा सीआरसी पत्रा, खाली आठ मिलिमीटर तोंडाची व्ही डाय. पंच खाली येतो, पत्रा डायच्या दोन काठांवर टेकून मध्ये दबतो आणि पंच उचलला की पत्रा किंचित मागे उसळतो. ही उसळी दर लॉटला वेगळी. एकाच गेजचे दोन पत्रे, पण एक थोडा कडक निघतो आणि त्याला अंशभर जास्त दाबावं लागतं. मशीनच्या पडद्यावर कोन येतो, तरी मामा पहिला तुकडा काढून गुण्या लावतात, उजेडाकडे धरतात आणि गुण्या व पत्रा यांमधून येणारी उजेडाची चीर पाहतात. पडद्यावरचा आकडा ते नंतर बदलतात. मी कारण विचारलं तर म्हणाले, “पडदा मशीनचं सांगतो. पत्र्याचं कोण सांगणार?”

मघाची हुज्जत याच चिरेतून आली होती. कोन अर्ध्या अंशाने चुकला, तर २१० मिलिमीटर उंचीच्या भिंतीचं टोक जवळपास १.८ मिलिमीटर सरकतं. वर पावडर कोटिंगचा थर. एका बाजूला साधारण ६० ते ८० मायक्रॉन धरा. कवचाच्या आतल्या दोन भिंती आणि सांगाड्याच्या बाहेरच्या दोन, असे चार थर मिळून पाव मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याच्या पुढे जातात. सांगाडा कवचात सरकायचा तर या सगळ्याला पुरून उरेल एवढी फट हवी. इंजिनिअरने बाजूला अर्धा मिलिमीटर ठेवला होता. मामा एकाच्या खाली यायला तयार नव्हते. दोन्ही बाजू धरल्या तर एकूण फरक एका मिलिमीटरचा. लहान कॅबिनेट काढणाऱ्याला असा एकेक मिलिमीटर जिवावर येतो, कारण तो त्याने कूलरच्या उंचीतून नाहीतर केबलच्या वळणातून चोरून आणलेला असतो. आणि निघणारं पोट हवं असेल तर जागा सोडावीच लागते. हे भांडण त्या दोघांचं नव्हतं, दोन हट्टांचं होतं, आणि कुठलंही सॉफ्टवेअर ते मिटवत नाही.

मामा जिंकले. फट एक मिलिमीटरची झाली.

मग पुढच्या अडचणी रांगेने आल्या. मदरबोर्डाची सगळी भोकं, म्हणजे यूएसबी, नेटवर्क, आवाज, मागच्या बाजूला उघडतात. ग्राफिक्स कार्डाची पट्टीही तिथेच स्क्रूने बसते. त्यामुळे सांगाडा मागे ओढायचा तर मागची भिंत त्याच्यासोबतच यावी लागते. पूर्वी लियान लीच्या मोठ्या कॅबिनेटांमध्ये मदरबोर्डाचा ट्रे असाच मागची भिंत घेऊन निघायचा. पण मग कवचाचं मागचं तोंड मोकळं राहतं आणि पातळ भिंती बाहेर फाकतात. काठ आत दुमडून ताकद आणायची, तर दुमड सांगाड्याच्या वाटेत येते. पॉवरचं बटण समोर, म्हणजे त्याची वायर कवचात अडकणार. त्याने बटणच मागच्या भिंतीवर नेलं. दिसायला वाईट, पण मला पटलं.

हवेसाठी जाळी हवी. लेझरने शेकडो भोकं पाडली की उष्णतेने पत्रा फुगतो, पोट काढतो, आणि फुगलेली भिंत फट खाऊन टाकते. बेंडच्या फार जवळ भोक आलं तर ते ताणून लांबटतं. जाळीची एक ओळ कमी करावी लागली, कार्डाच्या पंख्यासमोरची.

अर्थिंगचं दुखणं आपल्या ओळखीचं. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, कारण भिंतीतल्या सॉकेटला अर्थ नसतो आणि एसएमपीएसच्या फिल्टरमधला किंचित प्रवाह पत्र्यावर येऊन थांबतो. इथे त्यात भर अशी की सांगाडा आणि कवच दोन्ही रंगवलेले, आणि रंग विजेला अडवतो. सांगाड्याला अर्थ मिळेल, कवचाला नाही. म्हणून स्क्रू बसतात तिथला पत्रा झाकून ठेवून कोटिंग करायचं. ते कोटिंगवाल्याला दरवेळी बजावावं लागतं, आणि तो दरवेळी मान हलवतो.

सगळ्यात धास्ती रायझर केबलची. पीसीआय एक्स्प्रेसची तिसरी पिढी एका लेनमधून सेकंदाला ८ अब्ज वेळा संकेत पाठवते, चौथी १६ अब्ज, पाचवी ३२. वेग दुपटीने वाढतो तशी केबल नखरे करते: पडदा काळा, मध्येच मशीन गोठलेलं. बायोसमध्ये जाऊन एक पिढी खाली उतरवली की बहुधा चालतं, पण नवं कार्ड घेऊन जुन्या वेगाने चालवायचं जिवावर येतं. आगीचा किस्साही आहे. एनझेडएक्सटी कंपनीने एच१ नावाचं लहान कॅबिनेट फेब्रुवारी २०२१ मध्ये परत मागवलं, एकट्या अमेरिकेत सुमारे ३२,०००. रायझरची पाटी कवचाला आवळणारा स्क्रू पाटीतल्या वीजवाहक तांब्याला भिडून शॉर्ट होऊ शकत होता. सांगाडा पुन्हापुन्हा ओढला जाणार असेल तर अशा जागेची काळजी दुप्पट. इंजिनिअरने तिथे पत्र्याचा आधार काढून प्लास्टिकचे ठोकळे घातले आहेत. घाटातल्या खड्ड्यांत ते किती टिकतील, हे गाडीत घालूनच कळायचं.

मालकांचा हिशोब निराळा. एका नगाला प्रोग्रॅम तोच, डाय बदलणं तेच, पहिल्या तुकड्याची नासाडी तीच. “दहा नग घे, मग दराचं बोलू,” असं ते दरवेळी सांगतात. त्याच्या लाइनमधल्या दोघातिघांनी कॅबिनेट मागितलंय, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळ्या जाडीचं. तीन स्लॉटची कार्डं त्याच्या मापात बसतात. त्याहून जाड कार्डं आता बाजारात आहेत. रुंदी वाढवली तर दहा नगांचा दर मिळेल आणि डबा बारा लिटरच्या पुढे जाईल, जे त्याला मान्य नाही.

दुसऱ्या नमुन्याचं ड्रॉइंग आलंय. दोन एल, एक मिलिमीटरची फट, मागच्या काठाला सहा मिलिमीटरची दुमड. मामांनी ते मशीनच्या अंगाला टेपने चिकटवलं, दुमडीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “आठच्या डायवर सहाची दुमड कशीबशी धरते. सात कर, नाहीतर पत्रा आत घसरेल.”

इंजिनिअर व्हर्निअर शोधायला लागला.