मार खाणाऱ्याचे गणित

माढा तालुक्यातील मोडनिंब येथे एका शिक्षक मित्राकडे आम्ही दिवाळीच्या सुट्टीत मुक्कामाला होतो. त्यांची मुलगी पुण्यात अभियांत्रिकीला आहे. रात्री ती संगणकावर खेळत बसली होती. पडद्यावर एक अजस्र राक्षस, त्याच्यासमोर ढाल धरून उभे असलेले तिचे पात्र आणि मागे तिचे चार सोबती. हे सोबती वेगवेगळ्या गावांतून त्याच वेळी तोच खेळ खेळत होते. राक्षसाचे सगळे घाव मात्र हिच्यावरच पडत होते.

मित्राला राहवेना. "अगं, बाकीचे लढताहेत आणि तू नुसता मार खातेस. यात कसला आलाय खेळ?"

"बाबा, मी मार खाते म्हणून तर ते लढू शकतात!"

या उत्तरात बरेच गणित दडलेले आहे. ते वर्गात नेण्याजोगे आहे, म्हणून हा लेख.

तीन कामे, तीन माणसे

पात्र धारण करून खेळण्याच्या या प्रकाराची सुरुवात १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कागद-फाशांच्या खेळाने झाली. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात अनेकांनी एकाच वेळी खेळायचा पहिला शब्दरूप संगणक-खेळ तयार झाला. पुढे १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आणि २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आले. या खेळांत कामाची वाटणी ठरून गेली. काहींनी शत्रूवर घाव घालायचे, एकाने जखमा भरायच्या आणि एकाने शत्रूला स्वतःवर ओढून घ्यायचे. या तिसऱ्याला खेळाडू 'टँक' म्हणतात, म्हणजे रणगाडा.

मित्राला लगेच बाजीप्रभू आठवले. तुलना चांगली आहे, पण एक फरक आहे. १६६० मध्ये बाजीप्रभूंच्या मदतीला घोडखिंडीची अरुंद वाट होती. त्यांना ओलांडल्याशिवाय शत्रूला पुढे जाता येत नव्हते. खेळातला राक्षस मोकळ्या जागेत उभा असतो. तो टँकला वळसा घालून मागच्या दुबळ्या वैद्यावर का धावत नाही?

रोषाचे खाते

कारण खेळाच्या आज्ञावलीत प्रत्येक शत्रू एक खाते ठेवतो. कोणी किती दुखावले, याचे गुण त्यात मांडले जातात. त्याला आपण 'रोष' म्हणू. घावाच्या एका गुणाला साधारण एक रोष. वैद्याने भरलेल्या जखमेच्या गुणांचा निम्मा रोष वैद्याच्या नावे. टँक बचावाच्या पवित्र्यात असला की त्याच्या घावांचा रोष मात्र वाढवून धरला जातो. ज्याच्या नावे रोष जास्त, त्याच्यावर शत्रू तुटून पडतो.

यात एक सुंदर बारकावा आहे. टँकच्या नावे १००० रोष असेल, तर दुसऱ्याच्या नावे १००१ झाल्याबरोबर शत्रू वळत नाही. जवळून लढणाऱ्याला ११०० आणि दुरून मारा करणाऱ्याला १३०० ओलांडावे लागतात. ही फट नसती, तर दोघांचे आकडे जवळ येताच शत्रू क्षणाक्षणाला इकडून तिकडे वळत राहिला असता. घरातल्या फ्रिजमध्ये हीच युक्ती असते. यंत्र सुरू होण्याचे आणि बंद होण्याचे तापमान वेगवेगळे ठेवलेले असते, नाहीतर ते सतत चालू-बंद होत राहील.

टक्क्यांची फसवणूक

आता चिलखताकडे वळू. या खेळाच्या मूळ रूपात साठाव्या पातळीच्या शत्रूचा घाव असा कमी होतो :

अंगावर येणारा घाव = मूळ घाव × ५५०० ÷ (५५०० + चिलखताचे गुण)

मूळ घाव १००० चा आणि टँकचे प्राणगुण ६००० धरू.

चिलखत ० : घाव १०००, टँक ६ घाव सोसतो.
चिलखत ५५०० : बचाव ५० टक्के, घाव ५००, १२ घाव सोसतो.
चिलखत ११००० : बचाव सुमारे ६७ टक्के, घाव ३३३, १८ घाव सोसतो.
चिलखत १६५०० : बचाव ७५ टक्के, घाव २५०, २४ घाव सोसतो.

यापुढे बचाव वाढत नाही, ७५ टक्के ही मर्यादाच आहे.

मित्राने टक्क्यांचे आकडे पाहिले आणि म्हणाले, "पहिल्या टप्प्याला पन्नास मिळाले, दुसऱ्याला सतरा, तिसऱ्याला जेमतेम आठ. तिसरे चिलखत म्हणजे पैसे वाया!" पण शेवटचा आकडा पाहा : ६, १२, १८, २४. प्रत्येक टप्प्याने सारखीच, सहा घावांची भर घातली आहे. अडवलेला भाग टक्क्यांत पाहिला की लाभ आटत गेल्यासारखा वाटतो. टँकचा प्राण मात्र आत शिरलेल्या भागावर ठरतो.

यात वैद्य आणू. तो दर घावामागे २५० गुणांची जखम भरतो असे समजा. ५० टक्क्यांना टँक सुमारे २४ घाव टिकेल, ६७ टक्क्यांना सुमारे ७२. आणि ७५ टक्क्यांना? वैद्याची शक्ती संपेपर्यंत तो पडणारच नाही! 'जेमतेम आठ' टक्क्यांनी पडणे आणि न पडणे यांतला फरक केला.

वर्गात

हीच चूक आपण इतरत्रही करतो. ९० टक्के परिणामकारक लस आणि ९५ टक्के परिणामकारक लस यांत फरक पाचचाच वाटतो. पण लस घेऊनही आजारी पडणाऱ्यांची संख्या दुसरीत निम्मी असते. मोडनिंब परिसरात बोरे पिकतात. प्रतवारीनंतर पेटीत शेकडा चार खराब बोरे राहिली काय आणि दोन राहिली काय, चांगल्या बोरांचा टक्का ९६ वरून ९८ होतो एवढेच. पण ग्राहकाच्या हाती येणारी खराब बोरे निम्मी होतात. विद्यार्थ्यांना असे प्रश्न द्यावेत आणि 'किती अडले' याबरोबर 'किती सुटले' हेही मोजायला लावावे. वरचा तक्ता चिंचोके घेऊन खेळताही येईल. एक चिंचोका म्हणजे शंभर प्राणगुण.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. लढाई संपल्यावर खेळाडू कोणी किती घाव घातले याची यादी पाहतात. तीत टँक सहसा तळाशी असतो, कारण त्याचे काम त्या यादीत मोजलेच जात नाही. गटप्रकल्पात साहित्य जमवणारी, भांडणे मिटवणारी मुलेही अशीच आपल्या गुणपत्रकाबाहेर राहतात.

दुसऱ्या दिवशी निघताना मित्र लेकीला विचारत होते, "काल तो राक्षस शेवटी पडला का गं?"

"पडला की! आणि आमच्यातलं कोणीच पडलं नाही."