मुरमातली टिटवी

पांढरकवड्यात आमच्या घरामागे मुरूम टाकलेला मोकळा प्लॉट आहे. मे महिन्यात तिथं टिटवीनं चार अंडी घातली. घरटं कसलं, नुसती खळगी आणि कडेला खडे. मातकट अंड्यांवरचे काळे ठिपके मुरमात असे मिसळत की दोन पावलांवरूनही ती दिसत नसत. भर उन्हात टिटवी नळाखालच्या डबक्यात पोटाची पिसं भिजवून येई आणि अंड्यांवर बसे.

चार आठवड्यांनी पिल्लं निघाली, अंग वाळताच चालायला लागली. पाय लांब, मानेमागे पांढरा पट्टा. ही खूण लक्षात ठेवा. तितराची पिल्लं मात्र तपकिरी, पट्टेरी आणि आखूड पायांची असतात.

आई ओरडली की पिल्लू जमिनीला चिकटून निपचित पडतं. लोकांना ते आजारी वाटतं, मग घरी आणून दूध-पोळी भरवतात. कृपा करून उचलू नका. टिटवी पिल्लांना भरवत नाही. किडे पिल्लं स्वतःच टिपतात, आईबाप राखण करतात. डोक्यावरून झेपावणारी टिटवी चिडकी नसते, घाबरलेली असते.

आम्ही महिनाभर कुत्रा बांधून ठेवला, मांजरावर नजर ठेवली आणि सावलीत पाण्याचं उथळ ताट ठेवलं. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, असं इथले शेतकरी मानतात. आजही पहाटे तिचा आवाज आला की मी आधी खिडकीशी जाते.