डांस पळविणारा मोबाईल

श्रावण लागला, बांध्यांतील रोवणी आटोपली, आणि नेहमींप्रमाणें आमच्या अड्याळांत दिवेलागणीपासून डांसांचें गुंजन सुरू झालें. अशा एका रात्रीं माझ्या नातवानें धाकट्या बहिणीच्या पाळण्यावरील मच्छरदाणी सोडून ठेविली आणि उशाशीं आपला मोबाईल ठेविला. "आजोबा, यांतला आवाज आपणांस ऐकूं येत नाहीं, पण डांस पळतात!" मच्छरदाणी मीं तत्काळ पुन्हां बांधविली, परंतु केवळ वडीलकीच्या अधिकारानें मुलास गप्प करणें शिक्षकास शोभत नाहीं, म्हणून विषयाचा थोडा शोध घेतला.

या युक्तीचे पुरस्कर्ते दोन कारणें सांगतात. वटवाघूळ डांस खातें, सबब त्याच्या सूक्ष्म ध्वनीस डांस भितो, हें एक. चावते ती मादी, आणि मीलनानंतर ती नराचा नाद टाळते, हें दुसरें. ऐकावयास दोन्हीं सयुक्तिक! परंतु मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतच ऐकतो, आणि मोबाईलचा चिमुकला ध्वनिक्षेपक त्याच कानासाठीं घडविलेला. त्यापलीकडचा ध्वनि त्यांतून जोरानें निघावा कसा? डांसाच्या पंखांचा नाद तर कांहीं शें कंपनांचा, म्हणजे आपली झोंपमोड करणारा तोच. मादीच्या त्या नादानें नर ओढला जातो, हें खरें; पण त्यावरून मादीस पळवितां येतें असें ठरत नाहीं.

तर्क राहूं द्या. याच तत्त्वावरील विद्युत्-यंत्रांचे उघड्या जागीं झालेले १० अभ्यास कॉक्रेन संस्थेच्या २००७ च्या समीक्षेंत तपासले गेले. यंत्र चालू असल्यानें उघड्या अंगावर बसणारे डांस कमी झाल्याचें एकाही अभ्यासांत दिसलें नाहीं. १५ पैकीं १२ प्रयोगांत तर ते उलट अधिकच बसले!

ही केवळ गंमत असती तर मीं लेखणी उचलली नसती. सिकंदराबादेस १८९७ च्या ऑगस्टांत रोनाल्ड रॉस यांस डांसाच्या पोटांत हिंवतापाचा जंतु सांपडला, तेव्हांपासून शत्रु कोण हें आपणांस ठाऊक आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यास हत्तीपायाचीही ओळख जुनीच. डेंग्यूचा डांस दिवसा चावतो, म्हणून तान्ह्या मुलाच्या दुपारच्या झोंपेसही मच्छरदाणी हवी. अंड्यापासून डांस होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. रांजण आठवड्यांतून एकदां रिता करून घांसला, तर घरांतली पैदास तेथेंच खुंटते.

नातवाचें समाधान मात्र या ग्रंथप्रामाण्यानें झालें नाहीं. त्यानें ओसरीवर माझाच हात उघडा ठेवविला आणि पाव-पाव घटका मोजणी केली: मोबाईल बंद असतां सहा डांस, चालू असतां सात. "एकच प्रयोग, आजोबा, यावरून सिद्ध कांहींच होत नाहीं," असें म्हणून तो हंसला, आणि रांजण उपडा करावयास परसांत गेला.